खानापूरचे डोळे, बेळगावच्या डॉक्टरबाई

फोटो आमच्या कॉम्प्युटरमध्ये साठतात, पण किस्से कुठं साठवायचे? ते माझ्या डोक्यात गर्दी करतात आणि मग मला स्वस्थ बसवत नाही. ऐका तर!

मी खानापूर तालुक्यात गावोगाव मशीन घेऊन फिरते. शुगर असलेल्यांच्या डोळ्याच्या पडद्याचा फोटो काढायचा आणि नेटवरून बेळगावच्या डॉक्टरबाईंना पाठवायचा. त्या तिथूनच बघून सांगतात. उशीर झाला तर गेलेली नजर परत येत नाही, म्हणून माझी सारखी घाई. आमच्या लोकांना मात्र कसलीच घाई नाही!

एक आक्का नथ घालून, पावडर लावून आल्या. म्हटलं, "आक्का, फोटो डोळ्याच्या आतला हो!"

"मग नथ येणार न्हाय व्हय त्यात?" त्या उठूनच निघाल्या. शेवटी मोबाइलवर नथीसकट वेगळा फोटो काढला, तेव्हा कुठं बसल्या.

*

एका रिटायर्ड मास्तरांना तक्ता वाचायला सांगितला. तक्ता होता कन्नड. मास्तर गप्प. मी घाबरले. "मास्तर, काहीच दिसत नाही?"

"दिसतंय की लख्ख! वाचणार न्हाय!"

डॉक्टरबाई स्वतः कन्नड घरातल्या. स्क्रीनवरून हसत म्हणाल्या, "लिहा, नजर उत्तम."

*

एका आप्पांची हनुवटी मशीनवर टेकवली, "हलू नका" म्हटलं आणि रेंज गेली. मी फोन उंच धरून देवळामागच्या चढावर पळाले. अर्ध्या तासानं येऊन बघते तर आप्पा तसेच!

"अहो, उठायचं की!"

"हलू नका म्हटलीस. हला कुठं म्हटलीस?"

*

उपचाराला पाठवलेला माणूस बेळगावला पोचला का, हे मी दिवसातून चारदा फोन करून विचारते. एकजण वैतागला. "बाई, भातकापणी आटपू दे. डोळं कुठं पळून जात्यात?"

पळूनच जातात हो!

*

आणि हा परवाचा. एक म्हातारी मशीनला घाबरली. आमची गाडी चालवणाऱ्या रामूअण्णाकडं बोट करून म्हणाली, "आदी ह्येचा काढ!" तो हसत बसला, मी त्याचा काढला, मग तिचा. रामूअण्णा चहाला गेला. मी घाईत दोन्ही फोटो पाठवले, त्याच्या फोटोवर तर नावही टाकलं नाही.

पाच मिनिटांत डॉक्टरबाईंचा व्हिडिओ कॉल. "म्हातारी ठीक आहे. पण हा बिननावाचा कोण? दोन्ही डोळ्यांच्या पडद्यावर रक्त उतरलंय. आजच्या आज आणा, नाहीतर नजर जाईल."

तेवढ्यात रामूअण्णा चहा पिऊन आत आला.

"गाडी आहे ना तुमच्याकडं?" डॉक्टरबाई विचारत होत्या. "ड्रायव्हरला सांगा, सांभाळून आणा."

रामूअण्णानं खिशातून किल्ली काढली.

"आणतो की, मॅडम. कोण हाय पेशंट?"