गोळि

मी बारामतीजवळ जळोचीत टीव्ही दुरुस्तीचं दुकान चालवतो. टेबलावर आलेल्या बिघाडाला कारण असतंच, ते आज नाही तर उद्या सापडतं… असं मानणारा मी माणूस. भुताखेतांच्या गोष्टी मी कधी मनावर घेतल्या नाहीत. त्यामुळे हे लिहिताना जरा अवघडल्यासारखं होतंय.

माझी शकिलाखाला, म्हणजे मावशी, लासुर्ण्यात राहते. गेल्या वर्षी तिचे यजमान, माझे खालू, वारले. नवरा गेल्यावर चार महिने दहा दिवस पाळायच्या इद्दतीमुळे खाला घराबाहेर पडत नव्हती. मुलगी नसरीन सुरतला. दोघींना टीव्हीवर समोरासमोर बोलता यावं म्हणून मी एक रास्पबेरी पाय नेला – हातात मावेल एवढा छोटा कॉम्प्युटर. नवं मेमरी कार्ड, त्यावर अँड्रॉइड मी सकाळीच दुकानात टाकलं होतं. पहिल्यांदा सुरू केलं ते खालाच्या घरी. भाषा मराठी निवडली. नेट जोडलं नव्हतं, कुठलं खातंही उघडलं नव्हतं.

मी कॅमेऱ्याची वायर लावत होतो, तेवढ्यात टीव्हीवर अलार्म वाजला. भिंतीवरच्या घड्याळात अडीच वाजले होते. या बोर्डाला स्वतःचं घड्याळ नसतं, नेटशिवाय तो भलतीच वेळ दाखवतो. तेव्हाही पडद्यावर सकाळचे सात होते. खाली अक्षरं – ‘शकिला, गोळि घे’.

खाला स्वयंपाकघरातून आली. वाचलं आणि तिथंच बसली.

“हे तू लिवलं व्हय?”

“न्हाय, खाला.”

तिने फळीवरून बीपीच्या गोळ्यांचा डबा काढला. त्यावर खालूंच्या हातची चिठ्ठी चिकटवलेली – ‘शकिलाची गोळि’. तीच चुकीची, पहिली वेलांटी.

“रोज अडीचला हाक मारायचे,” ती म्हणाली. “ते गेल्यापासनं म्या एक बी घेतली न्हाय.”

खालूंनी जन्मात स्मार्टफोन हातात धरला नव्हता.

मी घड्याळाचं ॲप उघडलं. एकही अलार्म लावलेला नव्हता. खालाला मात्र तसंच गाडीत घालून बारामतीला दवाखान्यात नेलं. बीपी इतकं वाढलं होतं की डॉक्टरांनी दोन दिवस ठेवून घेतलं.

दरम्यान ते कार्ड लॅपटॉपला लावून मी फाइल न फाइल पाहिली. काही नाही. अँड्रॉइडची तीच मूळ फाइल दुसऱ्या बोर्डावर टाकून चालवली… तिथंही काही नाही.

घरी आल्यावर खालाने गोळी घेतली, पाण्याचा तांब्या खाली ठेवला आणि विचारलं, “समदं बघितलंस नव्हं? तेवढंच लिवलं हुतं का रं? माझ्यासाठी आणखी काय न्हाय?”

कारण मला आजवर सापडलेलं नाही, पण तिने ते विचारलंच नव्हतं. जे विचारलं, त्याचं उत्तर माझ्याकडे होतं.

“न्हाय खाला,” मी म्हणालो. “तेवढंच.”