पहिल्या बाराचा मान

मला राग लवकर येतो, हे आधीच सांगून टाकतो. माझी बायको म्हणते, तुमचा पारा कुकरच्या शिट्टीआधी चढतो. पण या गोष्टीत मी कुणावर चिडलोय असं वाटलं तर तसं नाही. चिडलोय तो स्वतःवर.

माझी सासुरवाडी चाकणच्या पट्ट्यातली. गावाच्या तीन बाजूंना कंपन्यांच्या भिंती आणि चौथ्या बाजूला बैलगाड्यांचा घाट, म्हणजे शर्यतीची चढावरची धावपट्टी. यात्रेला तिथं गाडे पळतात आणि पहिला गाडा सुटायच्या आधी उखळीचा बार होतो. उखळी म्हणजे जाड लोखंडाची बुटकी तोफ. आत दारू भरायची, वर विटेचा चुरा ठासायचा, आणि लांब काठीला बांधलेली पेटती वात खालच्या भोकाला लावायची. बार झाला की हलगी वाजते, पुकारणारा माइकवर ‘भिर्रर्र’ करतो, आणि बैल सुटतात. बाराशिवाय शर्यत सुरू झाली असं त्या गावात कधी झालेलं नाही.

हा पहिला बार गावचा सगळ्यात नवा जावई उडवतो. डोक्याला फेटा, एक हात काठीवर, दुसरा छातीवर, तोंड देवळाकडे. कान झाकायचे नाहीत. देवाची सलामी आहे, सलामी देणारानं कान झाकले तर ती देवाला पोचत नाही, असं मानतात.

तीन वर्षांपूर्वी तो मान माझा होता. मी मूळचा लातूरकडचा. भोसरीत भाड्याची खोली, कंपनीत नोकरी, बस्स. सासरकडची माणसं पिढ्यान्‌पिढ्या त्याच मातीतली. लग्नात कुणीतरी माझ्या देखतच म्हणालं होतं, ‘पोरगं बरं हाय, पण बाहेरचं हाय.’ ते मला लागलं होतं. त्यामुळे फेटा बांधला तेव्हा छाती अशी फुगली की विचारू नका.

मी रात्रपाळी करून तसाच आलो होतो. गळ्यात कंपनीचे कानात घालायचे नारिंगी स्पंजाचे बोळे, दोरीला लोंबत होते. मेहुणा म्हणाला, ‘दाजी, हे काढा, फोटोत येतंय.’ मी काढले आणि खिशात कोंबले. लाइनवर जे कानातून काढलं तर सुपरवायझर ओरडतो, ते मी तोफेपुढं उभा राहताना खिशात ठेवलं! अक्कल गहाण टाकणं म्हणतात ते हेच.

बार झाला. पोटात धक्का बसला. माणसं टाळ्या पिटताना दिसत होती पण आवाज येत नव्हता. सासरे पाठीवर थाप मारून काहीतरी म्हणाले, मी हसलो. संध्याकाळपर्यंत उजवा कान उघडला. डाव्या कानात मात्र बारीक, ताणलेली शिट्टी राहिली. ती आजही आहे.

आता माझं काम काय, ते सांगायला हवं. आमच्या कंपनीत गिअरबॉक्स बनतात. तयार झालेला प्रत्येक बॉक्स एका बंद खोलीत फिरवून त्याचा आवाज तपासतात. मीटर असतो, पण मीटरला शंका आली की शेवटचा शब्द माणसाच्या कानाचा. तो माणूस मी. फक्त त्या खोलीत बोळे घालत नाहीत, तिथं ऐकायचंच काम. हिरवा टॅग म्हणजे पास, लाल म्हणजे परत. ही जागा मला त्या यात्रेच्या आधीच माझ्या लाइनच्या सुपरवायझरनं मिळवून दिली होती. तो त्याच गावचा, माझ्या सासऱ्यांचा पुतण्या. ‘दाजींचा कान सोन्याचा हाय,’ असं तो वरच्या साहेबांना सांगायचा.

आणि नेमकी गोची अशी की खराब गिअर जशी शिट्टी देतो, अगदी तशीच, त्याच पट्टीतली शिट्टी माझ्या कानात. बॉक्स फिरायला लागला की मला कळेना, ही त्याची का माझी. आधी मी घाबरून सगळ्यांना लाल टॅग लावत सुटलो. दोन दिवसांत सुपरवायझर आला. ‘अहो, काय चाललंय? निम्मा माल परत?’ मग मी दुसरं टोक गाठलं. शिट्टी ऐकू आली की मनातल्या मनात म्हणायचो, ही माझीच, आणि हिरवा टॅग लावायचो.

घरात बायकोला पहिल्यांदा कळलं. ती डावीकडून हाक मारायची आणि मी ढिम्म. एक दिवस ती समोर येऊन उभी राहिली. ‘तुम्हाला ऐकू येत नाही ना?’ मी तिच्यावर खेकसलो. दुसऱ्या दिवशी तिनं हात धरून डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, आतली नस गेली आहे, परत येणार नाही, उरलेलं सांभाळा. बाहेर आल्यावर ती रडली. म्हणाली, कंपनीत सांगून टाका. मी म्हटलं, वेडी आहेस का? कानावर तर मी पोट भरतोय.

मध्ये एक बॉक्स गिऱ्हाइकाकडून परत आला. टॅगवर सही माझी. दुसऱ्या शिफ्टवाल्यानं तो फिरवला आणि दारातूनच म्हणाला, ‘भाऊ, हा तर बोंबलतोय की!’ मी बाजूलाच उभा होतो. मला फक्त नेहमीची शिट्टी येत होती. सुपरवायझरनं सांभाळून घेतलं. ‘होतं एखाद्या वेळी,’ म्हणाला. तो चांगला माणूस आहे, म्हणून मला त्याच्याकडे बघवेना.

यंदाच्या यात्रेत मान माझ्या नव्या साडूचा होता, बायकोच्या चुलत बहिणीचा नवरा. वाकडला राहतो, दिवसभर फोनवर परदेशातल्या लोकांशी बोलतो, त्याचंही सगळं काम कानावरच. फेट्याखाली घाम आला होता. मला विचारतो, ‘साडूभाऊ, फार मोठा होतो का हो आवाज?’

सासरे, गावकरी, नारळ हातात घेतलेला माझा सुपरवायझर, सगळे दहा पावलांवर. ‘काही नाही, क्षणाचं काम आहे,’ एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. तोंडात तेच आलं होतं. तेवढ्यात त्याची बायको फोन उंच धरून त्याला हसून हात करताना दिसली. तीन वर्षांपूर्वी माझी बायको त्याच जागी उभी होती.

मी खिशातून कंपनीचे बोळे काढले. बोटांत चुरडून बारीक केले, त्याचा कान वर ओढला आणि एक आत बसवला. मग दुसरा.

सासरे धावत आले. ‘पाव्हणं, ह्ये काय करताय? देवाचा बार हाय!’

‘माझा डावा कान गेलाय, मामा! याच बारानं! तीन वर्षं झाली, मी कुणाला सांगितलं नाही!’

मला वाटलं मी हळू बोललो. आता माझा आवाज किती मोठा होतो ते मलाच कळत नाही. हलगी अजून वाजायची होती, पुकारणाराही गप्प होता, आणि अख्ख्या घाटानं ते ऐकलं. सासऱ्यांनी साडूच्या कानाकडे बघितलं आणि म्हणाले, ‘राहू दे. लाव वात.’

या वेळी मी दोन्ही कान घट्ट झाकले. बार झाला, धूर वर गेला, माणसांनी टाळ्या पिटल्या. साडू माझ्याकडे बघून हसला. गाडे सुटायला लागले.

सुपरवायझर माझ्या डाव्या बाजूला येऊन काहीतरी बोलला. मी वळून उजवा कान पुढे केला. त्यानं माझ्या दंडाला धरलं. हातातला नारळ अजून तसाच होता.

‘दाजी,’ तो म्हणाला, ‘तीन वर्षांत तुम्ही हिरवा टॅग लावलेले किती खराब बॉक्स बाहेर गेले असतील?’

‘मला माहीत नाही,’ मी म्हणालो.