काथ्याची दाढी

कारखान्यात कामाला असलेल्या माणसाला लोक हमखास विचारतात, "तुम्ही कोणत्या मशीनवर?" त्याला कुणी असं विचारलं, की तो गालावर दोन बोटं टेकवून म्हणायचा, "या." समोरच्याला वाटायचं, चेष्टा करतोय. पण खरंच तसं होतं. ब्लेडच्या कारखान्यात अठ्ठावीस वर्षं त्याने पगार घेतला तो दाढी करण्याचा, आणि तीही स्वतःची.

धार लावण्याच्या विभागाला लागून चाचणीची खोली होती. तिथे सहा बेसिन, सहा आरसे आणि सहा माणसं. सकाळी सातला, आदल्या दिवसाचे खुंट गालावर तसेच ठेवून यायचं. डाव्या गालावर नेहमीचं ब्लेड, उजव्यावर नव्या लॉटमधलं. मग कागदावर खूण करायची: सरकतं, ओढतं, की टोचतं. तेच ब्लेड रोज पुन्हा, ते थकेपर्यंत. सहांत दोघं राठ दाढीचे, दोघं मध्यम, दोघं मऊ. राठांतला हा एक. त्याचं नाव हजेरीपटात होतं खरं, पण पहिल्याच आठवड्यात शेजारच्या बेसिनवाल्याने त्याला काथ्या म्हटलं आणि ते चिकटलं ते चिकटलंच. त्यानेही मग शेजाऱ्याला सोडलं नाही. त्याची दाढी कोवळ्या लवेसारखी, म्हणून तो रेशीम.

कामावर घेताना त्याचे पाच केस उपटून जाडी मोजली होती. पण त्याला स्वतःला मोजमापाची गरज नव्हती. खोलीत नवा माणूस आला, की काथ्या त्याच्या हनुवटीपासून कानाकडे उलटा तळहात फिरवायचा आणि मान जरा तिरकी करून आवाज ऐकायचा. "लोक काळी दिसली की राठ समजतात," तो सांगायचा. "दाट वेगळी, राठ वेगळी. दाट म्हणजे गर्दी. राठ म्हणजे त्या गर्दीतल्या एकेकाचा स्वभाव. चार माणसं असली तरी चारही भांडखोर असू शकतात." कोमट पाण्याने किती वेळात नरम पडते, ओठाखालचे खुंट गालापेक्षा किती हट्टी आहेत, संध्याकाळपर्यंत शर्टाच्या कॉलरला घासतात का, एवढं विचारलं की तो निकाल द्यायचा. मग चाचणी विभागाच्या मॅडम केस मोजायच्या, आणि आकडा त्याच्याच बाजूने यायचा.

या दाढीचा त्याला अभिमान होता. घरात मात्र तिचं कौतुक कुणाला नव्हतं. मुलगी लहानपणी पापा द्यायला नको म्हणून पलंगाखाली लपायची. बायको म्हणायची, "अहो, उशीचे अभ्रे फाडता तुम्ही. गाल आहे का खरवडायची किसणी?" तो हसायचा. आपल्या गालावर जे ब्लेड सहा दिवस टिकतं ते जगात कुणाच्याही गालावर टिकेल, असं तो म्हणायचा आणि त्यात फारशी बढाई नव्हती. कारखान्याचा नियमच तसा होता. राठ दाढीने पास केलं, की लॉट बाहेर.

चौपन्नाव्या वर्षी त्याला लघवीचा त्रास सुरू झाला. तपासण्यांवर तपासण्या झाल्या आणि प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला. डॉक्टर सावकाश बोलणारे होते. म्हणाले, आटोक्यात ठेवता येईल. दर तीन महिन्यांनी एक इंजेक्शन घ्यायचं, ते शरीरातलं पुरुषाचं हार्मोन दाबून टाकतं. घाम फुटेल, थकवा येईल, अंगावरचे केस कमी होतील.

"केस गेले तर जाऊ देत," काथ्या म्हणाला. बायको शेजारी बसली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं.

कारखान्यात त्याने मूळव्याध म्हणून सांगितलं. पुरुषमाणसांची खोली, तिथे खरं काय सांगणार? रेशीमने एक गादीची उशी आणून दिली. ती त्याने मुकाट्याने स्टुलावर ठेवली.

पहिली दोन इंजेक्शनं होईस्तोवर काही जाणवलं नाही. तिसऱ्यानंतर ब्लेडं चांगली निघायला लागली. निदान त्याला तसं वाटलं. सातवा दिवस, आठवा दिवस, तरी सरकतंच. त्याने जेवणाच्या सुट्टीत धार विभागाच्या मुकादमाला गाठून सांगितलं, "हात बसला बुवा तुमचा. काय पोलाद आणलंय!" मुकादम बुजरा माणूस. कुणी स्तुती केली की डबा उघडून आत बघत राहायचा. तसाच बघत राहिला.

खरी गोष्ट आधी बायकोच्या लक्षात आली. एका सुट्टीच्या सकाळी ती अभ्रे बदलत होती. हातातला अभ्रा उजेडात धरून ती म्हणाली, "यावर आता गोळे येत नाहीत."

"साबण बदललास?"

"नाही." आणि ती अभ्र्याची घडी घालत बसली, लागणार नसलेल्या कापडाची घालतात तशी, बारीक बारीक.

तो न्हाणीघरात गेला, कडी लावली आणि उलटा तळहात फिरवला. हनुवटीपासून कानापर्यंत. आवाज आला नाही. पुन्हा फिरवला. दोन दिवसांची दाढी होती आणि हात नव्या टॉवेलवरून जावा तसा गेला.

सांगायला हवं होतं. त्यालाही ते कळत होतं. पण दुसरा राठ दाढीवाला वर्षापूर्वी निवृत्त झाला होता, त्याच्या जागी माणूस मिळत नव्हता, आणि खोलीत सगळे म्हणायचे, काथ्या आहे म्हणून चाललंय. हे एक वाक्य माणसाच्या तोंडाला कुलूप लावायला पुरतं. तो मूग गिळून बसला. रोज ब्लेड चालवायचा, सरकतं अशी खूण करायचा आणि कधी कधी पाप फेडल्यासारखी ओढतं अशीही करायचा, अंदाजाने.

हिवाळ्यात एक मोठा लॉट त्याच्या खुणेवर बाहेर गेला. मध्यम दाढीच्या एकाने कागदावर ओढतं लिहिलं होतं, पण राठाने सरकतं म्हटल्यावर मध्यमाला कोण विचारतो. महिन्याभरात माल परत यायला लागला. एका न्हाव्याने चिठ्ठी लिहून पाठवली होती: गिऱ्हाइकाच्या हनुवटीतून रक्त आलं, त्याने दुकान सोडलं, आता ब्लेड कोणाच्या तोंडावर मारू? चौकशी झाली. धार लावण्याच्या चाकाची एक बाजू झिजली होती असं निघालं. मुकादमाने ते पाहायला हवं होतं, पाहिलं नाही. त्याला घरी बसवलं.

मुकादमाची चूक नव्हती असं नाही. पण चाकं झिजतातच. ती पकडायला तर चाचणीची खोली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, असं काथ्या मनात म्हणाला, आणि चोर कोण हे त्याला आरशात सहा वेळा दिसत होतं, कारण त्या खोलीत जिकडे मान वळवावी तिकडे आरसा.

आठ दिवस त्याने काढले. अन्न गोड लागेना. रात्री घामाने अंग भिजायचं ते औषधामुळे की कशामुळे हे सांगता येईना. नवव्या दिवशी सकाळी तो दाढी न करताच मॅडमच्या टेबलासमोर जाऊन उभा राहिला.

"मॅडम, माझे केस मोजा."

"आता कशाला?"

"मोजा तुम्ही."

त्यांनी चिमट्याने पाच केस घेतले. एक निसटला, इतका बारीक होता. मोजून झाल्यावर त्यांनी जुनं कार्ड काढलं, दोन्ही आकडे शेजारी ठेवले आणि चष्मा काढला. "कधीपासून?"

त्याने सगळं सांगितलं. आजाराचं नाव घेताना दरवाजाकडे बघून घेतलं. मॅडम रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "आता तुम्ही मऊमध्ये येता. पण मऊ दाढी रस्त्यावर कुणाचीही मिळते हो. तिथे जागा कुठून काढू?"

"रेशीमची नको," तो घाईने म्हणाला.

"नाही, नाही. त्यांची कशी काढीन."

त्याची बदली पॅकिंगला झाली. पगार थोडा कमी, काम बसून. खोक्यांवर लेबलं लावायची. रेशीम पहिल्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत येऊन बसला, "तिकडे फार शांत वाटतं रे," म्हणाला, आणि मग दोघंही पोळी चघळत राहिले. नंतर त्याचं येणं कमी झालं. पॅकिंगची सुट्टी वेगळ्या वेळेला असायची.

मुकादमाला परत घेतलं. काथ्याला तो बसथांब्यावर दिसला, तेव्हा काथ्या स्वतःहून जवळ गेला.

"मॅडमना मीच सांगितलं," तो म्हणाला.

"कळलं मला."

"चूक माझी होती."

मुकादमाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली. "आठ दिवसांनी सांगितलंत. त्या आठ दिवसांत माझ्या मुलीच्या ठरत आलेल्या स्थळाकडच्यांनी नकार कळवला. म्हणाले, बाप काढलेला आहे." बोलताना त्याचा आवाज चढला नाही. बस आली. मुकादम पुढच्या दाराने चढला. काथ्या पुढची बस येईपर्यंत थांबला.

पुढच्या इंजेक्शनच्या दिवशी त्याने डॉक्टरांना विचारलं, "हे बंद केलं तर दाढी परत येईल?"

"बरीचशी येईल," डॉक्टर म्हणाले. "आणि दाढीबरोबर तेही येईल, जे आपण दाबून ठेवलंय."

"किती दिवसांत?"

"कोण आधी, ते सांगता येत नाही."

डॉक्टर औषध भरायला आतल्या खोलीत गेले. बायको भिंतीजवळच्या खुर्चीवर पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. काथ्या बराच वेळ शर्टाच्या खालच्या बटणाशी चाळा करत राहिला. उठून बाहेर जावं असं त्याच्या मनात आलं. रस्ता समोरच दिसत होता, दार उघडंच होतं.

"अहो," ती म्हणाली, "उशीर होतोय. परतीची गाडी चुकेल."

एवढंच म्हणाली. थांबा नाही, घ्या नाही, माझ्यासाठी तरी नाही. त्याने तिच्याकडे पाहिलं. तिच्या केसांत मागच्या वर्षीपेक्षा बराच पांढरा रंग आला होता आणि हे आपल्याला आज पहिल्यांदा दिसतंय, याची त्याला लाज वाटली. डॉक्टर सुई घेऊन आले. त्याने बटण काढलं, शर्ट वर केला आणि पोटाची कातडी चिमटीत धरून स्वतःच पुढे केली.