उकळलेली लस

"तंबाखू आणि डुक्कर! अगं, स्थळ घेऊन येणाऱ्यांना मी सांगू तरी काय?" डोंबिवलीच्या घरात आईचं हे रोजचं पालुपद.

"खरं ते सांग," मी म्हणायचे. लाज वाटावी असं मी काय करत होते?

ठाण्याच्या आमच्या प्रयोगशाळेत तंबाखूच्या जातीच्या झाडांत आम्ही डुकरांच्या हगवणीवरची लस वाढवत होतो. पानांची भुकटी गाभण डुकरिणीला चारायची, मग तिच्या दुधातून पिल्लांना रोगाशी लढायची ताकद मिळेल, अशी आशा. पहिली चाचणी मोहने गावात डुकरं पाळणाऱ्या एका मावशींकडे झाली. साथ आली आणि अख्खं वेत गेलं. मेलेली पिल्लं मावशींनी एकेक करून गोणत्यात भरली. मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा गेले आणि नुसती बसून बघत राहिले. मावशींनी चूल पेटवली, हॉटेलातलं उरलंसुरलं पिंपात ओतलं आणि उकळायला ठेवलं.

"आमची भुकटी कधी घालायचात?"

"ह्यातच की. उकळल्याबिगर माझ्या जनावरांना काय देत नाय मी. गुरांच्या डॉक्टरांनीच शिकवलंय."

मी कपाळावर हात मारला. उकळल्यावर लस मेली, उरला नुसता पाला.

प्रयोगशाळेच्या प्रमुख सरांना सांगितलं तर ते खूशच झाले. "म्हणजे लस ठीक आहे, चूक त्या बाईची. तसं लिही अहवालात आणि काढ तिला चाचणीतून."

माझं डोकंच फिरलं. "सर, 'रोजच्या खाद्यात मिसळा' असं सूचनांच्या कागदावर मी लिहिलं होतं. त्यांचं रोजचं खाद्य काय, ते कसं करतात, हे मी विचारलंच नाही. चूक माझी आहे, माझंच नाव लिहा. त्यांना काढणार असाल तर मलाही काढा!"

"करिअरची वाट लागेल तुझी."

"लागू दे."

सर अर्धेच नमले: चाचणीला मावशींची आणखी एक डुकरीण मिळाली. एकच. अहवालात चूक त्यांची म्हणून त्यांचं नाव लागणार होतं, हेही मी मावशींना सांगून टाकलं. त्यांनी पिकलेली केळी सोलायला घेतली. या वेळी भुकटी त्यांनी केळ्यात कालवून, थंडच चारली.

डुकरीण व्याली आणि साथ परत आली. आजूबाजूची पिल्लं पटापट मरत होती. मग एका सकाळी मावशींचा फोन आला.

"ये, बघ. सगळी जित्ती हायत, दुधासाठी मारामारी चाललीय. आणि तुझ्या त्या सरांना सांग, आता लिवा म्हणावं माझं नाव. ह्या टायमालापण मीच चारलंय."