गच्चीची किल्ली

आमच्या सोसायटीच्या गच्चीची किल्ली अध्यक्ष नानांच्या घरी, दारामागच्या खिळ्याला असते. नाना भला माणूस. मागितली की देतात.

काल समोरच्या काकू कुरडया घालायला गच्चीवर निघाल्या, पण आधी गरम चिकाची वाटी नानांकडे देऊन आल्या.

मी विचारलं, "नाना अडवणार होते का?"

"छे गं, ते कसले अडवतात. पण दिलेलं आपलं बरं असतं."

त्या 'बरं असतं'पाशी मी अडकले. जुने रोमन लोक म्हणे गुलाम कोण हे मारावरून ठरवत नसत. मालक कितीही प्रेमळ असो, ज्याचं सगळं त्याच्या मर्जीवर चालतं तो गुलामच. हे आठवल्यापासून मला नानांच्या चांगुलपणाचाच संशय येतो. ते खाष्ट असते तर आम्ही केव्हाच भांडून घरटी एक किल्ली करून घेतली असती. चांगले आहेत म्हणून सभेत कोणी विषय काढत नाही, नाना बिनविरोध निवडून येतात आणि त्यांच्या विनोदाला सगळे जरा जास्तच हसतात.

झेंडावंदन आमच्याकडे गच्चीवर असतं. यंदा प्रजासत्ताक दिनाला नानांना उशीर झाला. इस्त्रीचे कपडे घालून आम्ही सगळे बंद दाराबाहेर जिन्यात उभे होतो. कोणी कुरकुरलं नाही. शेवटी नाना आले, त्यांनी हसत कुलूप काढलं, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.