जाताना पाय धुणारा साडू

सबंध खानदेशात पाय धुण्याच्या बाबतीत माझ्या धाकट्या साडूचा हात धरणारा माणूस झाला नाही. बाकीची दुनिया दुसऱ्याच्या दारी पोचल्यावर पाय धुते; हा दुसऱ्याच्या वावरातून निघताना धुवायचा. नुसते पाय नव्हेत, वहाणांचे तळ, छत्रीचं टोक, आणि एकदा तर मागोमाग वावरात शिरलेल्या कुत्र्याचे चारही पंजे. आमच्या जिल्ह्याला तेव्हा पश्चिम खानदेश म्हणत. हा तिथल्या सरकारी शेतकी फार्मावर कपाशीच्या मर रोगाचं संशोधन करायचा. भर श्रावणात उभं झाड कोमेजून जातं, ती मर. ती एका बुरशीने होते आणि ती बुरशी मातीबरोबर पसरते, हे त्यानेच आम्हाला शिकवलं. कोणी 'मर वाऱ्याने येते' म्हणालं, की हा ताडकन उठायचा. "वारासंगे काही येत नही. मानसंच लई येतस, पायले लाईसन!" माणसंच पायाला लावून आणतात, हे त्याचं ठाम मत. खुद्द आपल्या साहेबालाही त्याने हे भर बैठकीत सुनावलं होतं आणि त्यापायी त्याची बढती अडली होती.

मी त्या घरचा थोरला जावई. सासऱ्यांना आम्ही मामा म्हणायचो. तापीकाठच्या त्यांच्या घरी गेलो की पाय धुवायला पाण्याचा तांब्या ते स्वतः माझ्या हातात द्यायचे, तो माझा मान. धाकटा आला आणि तोच तांब्या घेऊन मामा वावराच्या बांधावर त्याची वाट बघत उभे राहू लागले. मला पाणी द्यायला ओसरीवर घरातलं कोणीही यायचं. मी जळायचो. लपवू कशाला, सासुरवाडीचं श्रीखंडसुद्धा मला गोड लागेना.

त्याच्या घरी गेलं तरी तेच. मेव्हणी बटाटे उकडायची आणि हा त्यांचं पाणी पळवायचा. त्यात साखर आणि ते थिजावं म्हणून चायना ग्रास घालून ते बाटल्यांत ओतायचा, तोंडाला कापसाचा बोळा आणि आत गावोगावची बुरशी. देवळीत देव दोन आणि बाटल्या चाळीस! मुलीसाठी स्थळ बघणाऱ्या बापासारखी तो प्रत्येक बुरशीची चौकशी करायचा: गाव कुठलं, कूळ कुठलं, कपाशीच्या कोणत्या वाणाला मारते, कोणता वाण तिला पुरून उरतो. एकदा त्याने मोठ्या प्रेमाने एक बाटली माझ्यापुढे धरली. "हाई तुम्हना कळसाडीना वावरनी, भाऊ. बाकीन्या समद्या पांढऱ्या, हाई एकटी जांभळी. भलती जोरनी जात शे." माझ्या गावच्या बुरशीचं कौतुकसुद्धा ह्यानेच करावं!

एका उन्हाळ्यात मामांना वखरणीला बैल कमी पडले. धाकटा मदतीला येणार असं कानावर आलं, तसा मी आदल्याच दिवशी माझी जोडी आणि वखर घेऊन तिथे हजर झालो. वखराच्या पासेला, म्हणजे लोखंडी पात्याला, माझ्या मर लागलेल्या वावराची माती तशीच वाळलेली होती. ती धुवायची आठवण मला झाली होती, नाही असं नाही. पण मी त्याचं ऐकलं असं दिसायला नको, म्हणून धुतली नाही. त्या दिवशी मामांनी तांब्या माझ्या हातात दिला आणि पाठीवरून हातही फिरवला.

दुसऱ्या पावसाळ्यात नेमक्या मी वखरलेल्या तुकड्यातल्या कपाशीने माना टाकल्या. मामा हबकले. "मन्हा वावरमा कधी मर नव्हती. कोन लई उना?" ती कोणी आणली, असं ते ज्याला त्याला विचारत सुटले. साडूने एक झाड उपटलं, चाकूने खोड चिरून आतली तपकिरी रेघ बघितली आणि तुकडा बरोबर नेला. काही दिवसांनी तो बाटली घेऊन आला तेव्हा मी ओसरीवरच बसलो होतो. बाटली जांभळी होती. त्याने बाटलीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, ती पिशवीत टाकली आणि म्हणाला, "मामा, वारासंगे उनी व्हई."

"पन तुम्ही तर म्हनतस, वारासंगे येत नही?"

"कधीमधी येस," तो जमिनीकडे बघत म्हणाला.

पुढे त्या तुकड्यात मामांनी साडूने निवडलेला वाण लावला आणि तो टिकला. पण त्याचं ते वाक्य गावाने जन्मभर त्याच्याच तोंडावर मारलं. पाय धुवा म्हणून तो सांगायला लागला की पोक्त माणसंसुद्धा हसून म्हणायची, "राहू द्या, वारासंगेबी येस!" तो मुकाट्याने आपले पाय धुवायचा. मी तिथेच उभा असायचो आणि एकदाही तोंड उघडलं नाही.

आता मामा नाहीत, साडूही नाही. वावरातून निघताना मी वखर धुतो, बैलांचे खूर धुतो, मग पाय धुतो. जन्मभर खरं बोलणाऱ्या त्या माणसाने एकदाच खोटं बोलून माझा मान राखला. त्याच्या जागी मी असतो तर ती बाटली सगळ्या गावाला दाखवली असती, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच त्याचा हेवा अजून संपत नाही.