आत्याला दिलेले बारा किलो

नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेआठला, पूर्णगडातल्या एका देवळाच्या सभामंडपात माझ्या आत्यावर अन्याय झाला. करणारा मी.

श्रावणी सोमवारी मासळीला गिऱ्हाईक नसतं, बायका मोकळ्या असतात. म्हणून त्या दिवशी मी त्यांच्यासाठी केटलबेलचा, म्हणजे वर कडी असलेला लोखंडी गोळा उचलायच्या व्यायामाचा, मोफत वर्ग ठेवला होता. पत्रकही मीच लिहिलेलं: म्हातारपणी कुणाच्या आधाराशिवाय उठता-बसता येणं हा प्रत्येक बाईचा हक्क आहे. हे मी आजही म्हणतो. पण वर्गात माझा आवाज हवालदाराचा होता.

आत्या साठीची. डोक्यावर पाटी घेऊन मासळी विकण्यात जन्म गेलेला. बाकीच्यांना मी चार किलोचा गोळा दिला, तिला बारा. "तुझी पाटी याच्या दुप्पट असते," सगळ्यांसमोर म्हणालो.

"देवळाचं कुलूप काढून आणलंस काय रे?" ती म्हणाली. बायका हसल्या.

ती गोळ्यापुढे उभी राहिली आणि नुसती उभीच राहिली. तेवढ्यात शेजारची काकी पुढे आली. "हात लावू काय गो?"

"हात लावायचा नाही!" मी ओरडलो. "जिचं तिने उचलायचं. हीच तर सवय मोडायचीय."

"अरे मेल्या, पाटी काय कोण एकटी उचलते?"

"काकी, मागे व्हा."

आत्याने माझ्याकडे पाहिलं. भाच्याचा वर्ग, भाच्याची इज्जत. पाठीची कमान करून तिने तो गोळा ओढला. उचलला, हो. उचलला आणि तशीच वाकलेली राहिली.

भरलेली पाटी जमिनीवरून डोक्यावर दोघी मिळून चढवतात. एकदा चढली की सरळ कणा ती पेलतो. एकटीने वाकून उचलायचं काम आत्याच्या कंबरेने कधी केलंच नव्हतं. रोज सकाळी आमच्या दारात तिच्या पाटीला हात लावायची ती माझी आई. मी आत लोळत असायचो. त्या घरात वाढून मला हे ठाऊक नव्हतं. याला अज्ञान म्हणत नाहीत.

बाजारात मासळी विकायला जमिनीवर बसावं लागतं. त्या दिवसानंतर आत्या बसली तर उठेना. तिची जागा दुसऱ्या बायकांनी धरून ठेवली, तेही मला नंतर कळलं.

डॉक्टरांनी होकार दिल्यावर आता आम्ही घरीच करतो. चार किलो, तेही एकावर एक ठेवलेल्या दोन चिऱ्यांवर, म्हणजे फार वाकायला नको. ढुंगण मागे, पाठ सरळ, पाचदा, पुरे. एक दिवस आड. महिन्याने एक चिरा काढला. दुसरा काढू या, असं ती अजून म्हणत नाही, आणि मी विचारत नाही. "आता कसा गप झालास," एवढं मात्र म्हणते. परवा ती जमिनीवर बसली. उठताना माझा खांदा धरावा लागला. बाजार अजून लांब आहे.

खरी लाज पुढेच आहे. ती पडून होती तेव्हाही मी पुढच्या वर्गासाठी जेटीवर तेच पत्रक वाटत होतो. त्यात माझं वाक्य आहे: 'पाटी वाहणाऱ्या बाईला बारा किलो म्हणजे खेळणं.' ते किती घरांत गेलं, मला सांगता येत नाही.

तुमच्या घरात असेल तर ते वाक्य आज खोडा. आणि घरातल्या बाईला विचारा, जमिनीवरून तू एकटी काय उचलतेस? ती सांगेल तिथूनच सुरुवात करा, माझं ऐकून नव्हे.